बर्फ, सिन्नरच्या माळावर

मे महिना. सिन्नरच्या पुढं बंद पडलेल्या कारखान्यातली
दीड किलोमीटरची गोल सडक
तासाच्या भाड्यानं मिळते.
डांबरावर अंडं फोडलं तर भाजेल, अशपाक म्हणतो,
आणि ब्रह्मेचांच्या केयूरची लाल गाडी
तिसऱ्या वळणावर समजून बसते
की खाली बर्फ आहे.

बर्फ.
आम्ही पाहिला तो गोळ्याचा, पंचवटीत, काला खट्टा ओतलेला.
आणि निफाडच्या द्राक्षांवर गोठलेलं दंव,
तेही पेपरात.

गाडीला काय बोलणार?
वळणाच्या तोंडाशी उंचवटा आहे, पूर्वी तिथं वजनकाटा होता.
केयूर नेमका तिथंच पाय आपटतो.
चाक क्षणभर हवेत, क्षणभर अडकलेलं,
आणि सेन्सर आपला विचारत बसलेला
फिरतंय का? फिरतंय का? फिरतंय का?
त्याला एकच अर्थ लागतो: निसरडं आहे, सोड.
पेडल दगड होतं.
गाडी मात्र ताशी एकशे तीसवर
थांबावं की नाही, याचा विचार करत राहते.

"तुमच्या मशीनला अक्कल नाही," केयूर हेल्मेट काढतो.
मी स्कॅनर लावते. दोष शून्य.
चारी चाकांच्या कड्यांचे दात बोटानं मोजते,
अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस,
चौथ्यालाही अठ्ठेचाळीस.
एखादा तुटका निघाला असता
तर बिल तरी लिहिता आलं असतं.

मग तो म्हणाला, फ्यूज काढा.
काढला.
आता मध्ये विचारणारं कुणी नाही.

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत
पुढचं उजवं चाक थांबलं, पाठोपाठ डावं,
आणि तेव्हा दिसलं:
चाक थांबलं म्हणजे गाडी थांबत नाही.
स्टिअरिंग डावीकडं होतं तेवढं वळवलेलं
आणि गाडी सरळ,
अगदी सरळ,
रबराचा पांढरा धूर ओढत
बाभळीपर्यंत.

बाभळीनं फार काही केलं नाही. काटे, धूळ, एक आरसा.
केयूरनं टायरला हात लावला, झटकन मागं घेतला.
तळहाताएवढी जागा सपाट,
आतले धागे उघडे.

माझे वडील अंबडला टर्नर होते.
कंपनीला कुलूप लागलं त्या दिवशी हात थांबले त्यांचे
आणि ते मात्र नऊ वर्षं सरळ जात राहिले,
पहाटे उठून डबा मागत,
कुणी कितीही वळवलं तरी.
हे मी केयूरला सांगितलं नाही.

सांगितलं ते एवढंच:
चूक आपल्या बोलण्यात आहे.
आपण ब्रेक मारतो.
सायकलला मारतो, लुनाला मारतो,
एसटीत बसल्या बसल्या ड्रायव्हरच्या वाटचा मारतो.
मारायचा नसतो तो.
बेअरिंग बसवताना आधी त्याला जागा घेऊ देतो ना,
जोर नंतर. तसं.
गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येऊ दे.
मनात 'नाशिक' म्हण.
'ना'ला पाय ठेव, 'शि'ला वाट बघ,
'क'ला काय तो राग काढ.

तो हसला. फ्यूज परत बसवला, टायर बदलले.
चौथ्या फेरीत पुन्हा बर्फ.
पाचवीत पुन्हा.
सहावीत गाडी नाक खाली करून, गुरगुरत,
उंचवट्यावरून आत वळली,
आणि अशपाकनं हातातला चहा
न पिताच खाली ठेवला.

संध्याकाळी मोहदरी घाट उतरून आलो.
ओम्नी मी चालवत होते, अशपाक झोपलेला,
मागे ते सपाट टायर दोरीविना रचलेले.
बिटको चौकात एक कुत्रं
इकडं जावं की तिकडं, ठरेना म्हणून मधोमध उभं राहिलं.
'ना' म्हणायलाही वेळ नव्हता.
करकचून मारला.